पायरी ओळखून

'पायरी ओळखून वाग' हे मराठवाड्यातल्या गावात लहानपणी कानावर पडलं नाही, असा माणूस विरळा. म्हणणारा गढीवरचा, ऐकणारा गावकुसाबाहेरचा. म्हणून आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकांनी लीनतेवर उपदेश सुरू केला, की मागच्या सतरंजीवरची जुनी माणसं जरा सावध होऊन ऐकतात. त्यांच्या आज्या-पणज्यांना वाकायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मग ख्रिस्ती माणसानं रोज पाळायची ही लीनता वेगळी ती कोणती?

गंमत अशी, की पहिल्या शतकातल्या ग्रीक माणसालाही हा शब्द सुखाचा नव्हता. 'तापेइनोस' म्हणजे हलका, खालचा; गुलामाला लावायचा शब्द. येशूचा प्रेषित पौल यानं तुरुंगातून फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते याच शब्दावर उभं राहून. फिलिप्पै ही रोमन वसाहत, मानपानाला जपणारी. त्या लोकांना तो सांगतो, की ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. इथे वाकणारा मुळात वरचा आहे आणि त्याला कुणी वाकवलेलं नाही. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

पुढे 530 च्या सुमारास इटलीत बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूनं मठासाठी नियम लिहिले. त्यांतल्या सातव्या अध्यायात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत. शिडी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली, याकोबाला स्वप्नात दिसलेली. ताठ्यानं माणूस ती उतरतो आणि लीनतेनं चढतो, असा त्याचा उलटा हिशेब. पायऱ्याही रोजच्या जगण्यातल्या: कमी बोलावं, उगाच हसू नये, आपली चूक वडीलधाऱ्यापाशी कबूल करावी. याकोबानं स्वप्नाच्या त्या जागेला नाव दिलं बेथेल, म्हणजे देवाचं घर.

बेथेल आमच्या जालन्याजवळही आहे. ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्मानं ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच साली मिशनऱ्यांकडे राहायला गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून खटला झाला. कोर्टानं मुलगा वडिलांकडे सोपवला आणि त्याला जातीत परत घ्यायचा की नाही यावर मुंबईत रान उठलं. बाळशास्त्री जांभेकर घ्यावा या बाजूचे. एवढं घडून गेल्यावर नारायणराव 1860 नंतरच्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. दिवाण सालारजंगांनी जमीन दिली आणि तिच्यावर ख्रिस्ती गाव उभं राहिलं. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मांग समाजाची माणसं मोठ्या संख्येनं होती.

शेषाद्री वरून खाली उतरले, त्याची नोंद झाली. त्यांच्यासोबत जे पहिल्यांदा ताठ उभे राहिले, त्यांची नावं फार कमी सापडतात. 'जोहार मायबाप' म्हणत कमरेत वाकणाऱ्या माणसानं बरोबरीनं एका प्रभुभोजनाला बसायचं, भाकर मोडून घ्यायची. त्याची लीनता त्याला आधी सरळ उभं करूनच सुरू झाली. अर्थात सोयरीक जुळवताना मंडळीतही जुनी पायरी हळूच डोकावते, हे आपलं आपण कबूल केलेलं बरं.

मराठी माणसाला वाकण्याचा दुसराही अर्थ ठाऊक होता. हिंगोलीजवळचं नर्सी हे नामदेवांचं गाव मानतात. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी पंढरीच्या महाद्वारात पायरी होणं मागून घेतलं, ही कथा घरोघरची. मागून घेतलेली पायरी आणि लादलेली पायरी यांतला फरक इथल्या कानांना कळत होता. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत आणलं, तेव्हा ते परकं वाटलं नाही ते यामुळेच.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले. त्या आठवणीत उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. कॅथलिक मंडळीत तो 1955 च्या सुधारणेनंतर संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, आला, आणि स्त्रियांचेही पाय धुवायची मोकळीक 2016 मध्ये मिळाली. त्याच साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

आमच्याकडे तेव्हा टँकर दोन दिवसांआड यायचा. पाळकांनी पितळी परातीत जेमतेम तांब्याभर पाणी घेतलं आणि गुडघ्यावर बसले. समोर ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या एका बाईचे पाय, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. ती पाय मागे ओढत राहिली. "राहू द्या साहेब, पाणी वाया जातंय," म्हणाली. पाळकांनी पाय सोडला नाही. विधी संपल्यावर तिनंच परात उचलली आणि ते पाणी दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं.