आधी ब्रेक, मग इंजिन

घरच्या गॅरेजमध्ये जुनी पिकअप आणून ती नव्याने घडवायची, हा अमेरिकेतला जुना छंद. या छंदातल्या लोकांची एक लाडकी गाडी म्हणजे १९६७ ते १९७२ या काळातली शेव्हरोले सी-१०. तिची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी, केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा, आणि सगळं नट-बोल्टवर. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला भरपूर जागा. सुटे भाग आजही नवे बनतात आणि घरपोच येतात. त्यामुळे ज्याने आयुष्यात फक्त स्पार्क प्लग बदललाय, त्यालाही ही गाडी ‘आपल्याला जमेल’ असं वाटायला लावते.

जमतंही. पण बहुतेकांची सुरुवात उलट्या टोकाने होते. गाडी दारात आली की पहिली चर्चा इंजिनाची: कुठलं बसवायचं, किती अश्वशक्तीचं. अशा गाडीत एक गोष्ट बदलली की दुसरी बदलावीच लागते, आणि त्या साखळीत इंजिनाचा नंबर बराच खाली आहे. पहिला नंबर गंजाचा.

सी-१० कुठे सडते हे ठरलेलं आहे: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाजाखालचा उंबरा, पुढच्या मडगार्डची खालची कड. तिन्ही जागांत साम्य एकच. तिथे दुहेरी पत्रा आहे आणि मध्ये पोकळी. काचेखालच्या जाळीतून वाळलेली पानं आणि धूळ आत उतरते, त्या पोकळीत साठते आणि ओल धरून बसते. गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं. एका जागचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, शेजारच्या जागी पाणी आणि ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतात. दोघांमधला विजेचा मार्ग ओल पुरवते. त्या ओलीत मीठ असेल तर वीज आणखी सहज वाहते. मिशिगन-ओहायोकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिकडच्या गाड्यांची चासीसुद्धा कुरतडलेली असते. ॲरिझोनाच्या वाळवंटातली तेवढीच जुनी गाडी वरून रंग उडालेली, डॅशबोर्ड तडकलेला, रबर कडक झालेलं, पण पत्रा ठणठणीत. रबर नवं मिळतं. सडलेली चासी म्हणजे डोकेदुखी. शहाणे लोक दीड-दोन हजार किलोमीटरवरून कोरडी गाडी ट्रेलरवर घालून आणतात.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फोड येतो. फोड नाण्याएवढा दिसला की आत तळहाताएवढं भोक धरायचं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने केबिनचा कोपरा दाबून पाहा. चांगला पत्रा ‘टण्’ करतो, सडलेला कुरकुरतो आणि टोक आत जातं. आधीच्या मालकाने पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर चुंबक लावायचं. पुट्टीवर ते धरत नाही. विक्रेत्यासमोर खिशातून चुंबक काढायला संकोच वाटतो खरा, पण काढावं.

छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, बंपरच्या पट्ट्या, यांचा गंज विजेने काढायची एक स्वस्त पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, आणि टाकाऊ साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. वीज सुरू केली की भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, लाल गंजाचा काही अंश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि सैल होतो. दुसऱ्या दिवशी ब्रशने घासलं की निघतो. चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, हा ॲसिडपेक्षा मोठा फायदा. दोन-तीन पथ्यं मात्र जिवावरची आहेत. हायड्रोजन स्फोटक, तेव्हा टब उघड्यावर ठेवायचा. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, क्लोरीन निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि स्प्रिंगसारखे कडक पोलादी भाग या टबात घालू नयेत. हायड्रोजन त्यांच्या आत शिरतो आणि ते ठिसूळ होतात.

सडलेला कोपरा कापून नवा पत्रा बसवणं हे खरं हाताचं काम. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यावर सलग वेल्डिंगची रेघ ओढली तर तो जागीच लाटेसारखा वाकतो. तापलेली पट्टी पसरू पाहते, भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, मग ती तिथेच दबते. आणि निवताना आकसते तेव्हा आजूबाजूचा सगळा भाग ओढून घेते. म्हणून आधी टाके, म्हणजे वेल्डिंगचे सुटे ठिपके, मारायचे. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक वेळी पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवू द्यायचा. मग टाक्यांच्या मधल्या जागा अशाच उड्या मारत भरायच्या. एका कोपऱ्याला अख्खी दुपार जाते. घाई केली की पुढचे दोन दिवस हातोडी घेऊन पत्रा सरळ करण्यात जातात.

इथेच एक धोका सांगायला हवा, कारण तो दिसत नाही. वेल्डिंगआधी जागा पुसायला हाताशी ब्रेक क्लीनरचा डबा असतोच. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते ओलं राहिलं आणि वेल्डिंगच्या उष्णतेत व अतिनील किरणांत सापडलं, तर त्यातून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला हाच वायू. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस, म्हणून ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, तोंडाला चांगला मास्क लावून.

आता ब्रेक. १९७० पर्यंतच्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते: चाकाबरोबर पोकळ ड्रम फिरतो आणि पेडल दाबलं की लायनर त्याला आतून घासतात. ड्रमची एक हुशारी आहे. फिरणारा ड्रम पुढच्या लायनरला आपल्याबरोबर ओढतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो. थोड्या जोरात जास्त पकड. अडचण उष्णतेची आहे. ड्रायव्हर आणि थोडं सामान धरून १,८०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची म्हणजे सुमारे सात लाख जूल ऊर्जा काही सेकंदांत उष्णता म्हणून बाहेर काढायची. दोन लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जवळपास एवढीच लागते. वेग निम्मा असता तर ऊर्जा पावच लागली असती, कारण ती वेगाच्या वर्गात वाढते. २८० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की व्यासाने जवळजवळ एक मिलिमीटर फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. पेडल खाली खाली जातं. घाट उतरताना नेमकी हीच वेळ येते. डिस्कचं, म्हणजे दोन पॅडच्या चिमटीत फिरणाऱ्या तबकडीचं, उलट आहे: ती उघड्या हवेत फिरते, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच फुगते.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसवणं ही या गाडीतली पहिली आणि सर्वात शहाणपणाची सुधारणा. आणि साखळी म्हणतात ती काय, ते इथे कळतं. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नाही, तेव्हा पायाचा जोर कमी पडतो आणि तो वाढवणारा बूस्टर लागतो. डिस्कच्या कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याला, तेल जास्त लागतं, तेव्हा पेडलच्या जोराने ते तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, ब्रेक मारताच आणखी हलका होतो आणि मागची चाकं आधी जाम होऊन गाडी शेपूट फिरवते. तेव्हा मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. १९७१ पासून कंपनीने स्वतःच पुढे डिस्क दिल्या, पण त्याच वर्षी सहा बोल्टांची चाकं जाऊन पाच बोल्टांची आली. ते भाग जुन्या गाडीला सहज बसतात, फक्त पुढे पाच बोल्टांचं चाक आणि मागे सहा बोल्टांचं. स्टेपनी कुठल्या चाकाची ठेवायची? झालं, मागचे एक्सलही बदला.

ब्रेक ऑइलही विसरू नये. डॉट-३ ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरलेला चालतो. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल फरशीला टेकतं.

एवढं झाल्यावर इंजिनाची गोष्ट. मूळ गाडीत अनेकदा ४.१ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असे, कागदावर १५५ अश्वशक्तीचं. १९७२ मध्ये तेच इंजिन ११० अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं. आदल्या वर्षी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) कमी केल्याने थोडी शक्ती गेली होती, पण बराचसा फरक मोजपट्टीचा. तोवर इंजिन उघडं ठेवून, पंखा, सायलेन्सर, एअर फिल्टर असलं ओझं न लावता मोजत. नंतर गाडीत असतं तसं मोजू लागले. तेव्हा जुन्या जाहिरातींतले आकडे म्हणजे निव्वळ कागदी घोडे.

त्याच्या जागी आजकाल बसतं ते १९९९ नंतरच्या शेव्हरोले सिल्व्हरॅडोमधलं ५.३ लिटरचं व्ही-८. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेड (सिलिंडरवरची झाकणं), सुरुवातीच्या मॉडेलला २७० अश्वशक्ती, आणि भंगारात गेलेल्या गाड्यांमधून मुबलक मिळतं. पण जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल पाच-सहा पीएसआय दाबाने लागायचं, याच्या इंजेक्टरना ५८ लागतं. म्हणजे टाकीतच बसणारा विजेचा पंप. आणि टाकी कुठे? सी-१० मध्ये ती केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे आहे! सुमारे ७५ लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन लोक वर्षानुवर्षं गाडी चालवत होते. बहुतेकजण या निमित्ताने ती काढून हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मधे नेतात. माझ्या मते इंजिन नाही बदललं तरी हे काम करावं.

मग गिअरबॉक्स. जुन्या तीन गिअरच्या पेटीत टॉप गिअर सरळ एकास एक. मागच्या एक्सलचं प्रमाण ३.७३ आणि टायर २८ इंची असेल तर ताशी १०५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे मारतं. हायवेवर बोलणं ऐकू येत नाही. नव्या इंजिनाबरोबर येणाऱ्या ऑटोमॅटिक पेटीत शेवटचा गिअर ०.७० चा आहे, त्यात हेच फेरे साधारण २,००० वर येतात. पेट्रोल आणि कान दोन्ही वाचतात. पण पेटीची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून नव्याने बॅलन्स करा. ही पेटी वेग इंजिनाच्या कॉम्प्युटरला विजेच्या खुणेने सांगते, आणि डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर मात्र केबलने फिरणाऱ्या चुंबकाचा. दोघांना जोडायला मधे आणखी एक डबी.

हे सगळं वाचून दमायला झालं असेल तर मूळ सहा सिलिंडर ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. त्याचे इग्निशनचे पॉइंट्स, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारी-जोडणारी टोकं, मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १५० वेळा उघडझाप करतात, प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते आणि टोकं झिजतात. तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं की निम्मी कटकट संपते. शिसं घातलेलं पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून बंद आहे, आपल्याकडे २००० पासून. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करायचा. तो गेल्यावर जास्त ओझं आणि जास्त वेग असेल तर बैठक झिजते. हेड खोललेलंच असेल तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. इथेनॉल हा नवा पाहुणा. तिकडे मक्यापासून, आपल्याकडे साखर कारखान्यांतून आणि धान्यापासूनही. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि पाणी ओढतं, म्हणून पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी रबर-नळी नवी घातलेली बरी. आपल्याकडच्या जुन्या गाडीवाल्यांनाही हेच लागू.

वायरिंगचा एक किस्सा बऱ्याच गॅरेजांत घडतो. गाडी रंगून चकाचक, आणि हेडलाइट मिणमिणते. बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात, फरक नाही. जुन्या गाडीत विजेचा परतीचा मार्ग म्हणजे खुद्द पत्रा. त्यावर छान जाड इपॉक्सी प्रायमर बसला की अर्थिंग तुटतं. दहा अँपिअरच्या वाटेत नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला तरी एक व्होल्ट जातो आणि बल्बचा सुमारे चौथा हिस्सा उजेड. बोल्टखालचा रंग खरवडून काढा, किंवा चासी, केबिन आणि इंजिन यांना जोडणाऱ्या वेगळ्या वायरी टाका.

राहिला कायदा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, म्हणून १९७२ च्या सी-१० मध्ये वेगळं इंजिन घालणाऱ्याला त्या तपासणीची धास्ती नसते. भारतात तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तेव्हा नाशिक-कोल्हापूरकडच्या एखाद्या शेडमधली जुनी पिकअप बाहेर काढणार असाल, तर पत्रा, ब्रेक आणि नळ्यांपर्यंत खुशाल जा. इंजिनाला हात घालण्याआधी आरटीओत चौकशी करा.