बॉस्टनच्या खुर्चीत अकरा वर्षं

अमेरिकेतल्या मोठ्या शहरात शाळांचा सुपरिंटेंडेंट तीन-चार वर्षं टिकला तरी पुष्कळ झालं. थॉमस पेझंट बॉस्टनमध्ये अकरा वर्षं टिकले, १९९५ ते २००६. जाता जाता शहरी शाळांसाठीचा ब्रॉड पुरस्कारही बॉस्टनच्या पदरात पडला. त्याआधी सलग चार वर्षं हे शहर अंतिम यादीत येऊन हात हलवत परतलं होतं. पेझंट यांचं कौतुक करताना त्यांचा शांत स्वभाव आणि चिकाटी यांचा उल्लेख हमखास होतो. ते खरंच असणार. पण तितकीच चिकाटी असलेली माणसं याच खुर्चीवरून दोन वर्षांत उठून गेली आहेत. त्यामुळे माणसाआधी खुर्चीचा इतिहास बघावा लागतो.

सुपरिंटेंडेंट म्हणजे शहरातल्या सगळ्या सार्वजनिक शाळांचा प्रमुख. तो कायम नोकरीतला सरकारी अधिकारी नसतो. शहराची शाळा कमिटी त्याला करारावर नेमते आणि मनातून उतरला की घरी पाठवते. बफेलो आणि लुईव्हिल या शहरांनी १८३७ मध्ये असा माणूस पहिल्यांदा नेमला. बॉस्टनला मात्र घाई नव्हती. तिथे कमिटीचे सभासदच शाळांत जाऊन तोंडी परीक्षा घेत, हुशार पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवत आणि सगळे खूश होऊन घरी जात. १८४५ मध्ये सॅम्युअल ग्रिडली हाउ आणि काही सुधारकांनी ही गंमत मोडली. त्यांनी छापील प्रश्नपत्रिका नेल्या, कुणाला आधी कळू न देता निवडक मुलांपुढे ठेवल्या आणि लेखी उत्तरं मागितली. बरोबर उत्तरं एक तृतीयांशही भरली नाहीत. शहराची नाचक्की झाली. परीक्षेचे आकडे हातात घेऊन शाळांना जाब विचारण्याची पद्धत आजची वाटते, पण तिचं बारसं इथे झालेलं आहे.

१८५१ मध्ये बॉस्टनने नेथन बिशप यांना पहिला सुपरिंटेंडेंट म्हणून आणलं. त्यांच्यानंतर १८५६ मध्ये जॉन फिलब्रिक आले. त्यांनी आधी क्विन्सी शाळेत इयत्तावार वर्ग, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र खोली आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र बाक अशी मांडणी करून दाखवली होती. अधिकार मात्र तुटपुंजे. कमिटी वाढत वाढत तब्बल ११६ माणसांची झाली, वॉर्डावॉर्डांतून निवडून आलेली, आणि शिक्षक नेमताना वशिला कुणाचा हे आधी बघितलं जाई. १८७६ मध्ये ही संख्या २४ वर आली, १९०६ मध्ये पाचवर. कमिटी लहान झाली, पण नेमणुकांवरचा तिचा हात काही सुटला नाही. पुढे कित्येकांसाठी ही कमिटी म्हणजे राजकारणातली पहिली पायरी ठरली.

याची किंमत साठ-सत्तरच्या दशकांत चुकती झाली. कृष्णवर्णीय पालक सांगत होते की त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि निकृष्ट ठेवल्या जात आहेत. कमिटीच्या अध्यक्ष लुईज डे हिक्स हे मान्यच करायला तयार नव्हत्या, आणि त्या नकारावर त्यांना मतं मिळत होती. पालक न्यायालयात गेले. २१ जून १९७४ ला न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की कमिटीने जाणूनबुजून वंशभेद चालवला आहे, आणि तो मोडण्यासाठी कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांना बसने एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत पाठवायचं ठरलं. १२ सप्टेंबरला शाळा उघडल्या तेव्हा रॉक्सबरी या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना घेऊन साउथ बॉस्टन या गोऱ्यांच्या वस्तीत गेलेल्या बसांवर दगड पडले. साउथ बॉस्टन हायस्कूल तर पुढे न्यायालयाने स्वतःच्या ताब्यात घेतलं. त्यानंतरची दहाएक वर्षं शहराच्या शाळांवर न्यायालयाची देखरेख राहिली, आणि कुठल्या शाळेत कोण जाणार इथपर्यंतचे निर्णय तिथे होऊ लागले. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलांची नावं काढली. पटसंख्या नव्वद हजारांच्या वर होती, ती ऐंशीच्या दशकाअखेर साठ हजारांच्या खाली आली.

या बसिंगने, म्हणजे बसने मुलं इकडची तिकडे नेण्याने, बॉस्टनच्या शाळा बुडवल्या असं अजूनही सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. बस आल्या तेव्हा त्या शाळा बुडालेल्याच होत्या. निम्म्या शहराला ते दिसत नव्हतं, इतकंच.

पेझंट यांची वाट मोकळी केली ती नंतरच्या दोन कायद्यांनी. १९९१ मध्ये निवडून येणारी कमिटी रद्द झाली आणि पुढच्या वर्षीपासून महापौरांनी नेमलेली सात जणांची कमिटी आली. मताचा हक्क गेला म्हणून कृष्णवर्णीय वस्त्यांत यावर मोठी नाराजी होती, आणि ती रास्तच होती. दुसरा कायदा राज्याचा, १९९३ चा. त्याने शाळांना जास्तीचा पैसा दिला आणि राज्याची परीक्षा आणली. याच कायद्यात एक कमी गाजलेलं कलम होतं: मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार कमिटीकडून सुपरिंटेंडेंटकडे गेला. दीडशे वर्षांचा वशिला एका कलमाने कापला. बाहेरच्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, पण माझ्या मते पुढची अकरा वर्षं त्या कलमावर उभी आहेत.

पेझंट आले तेव्हा नवखे नव्हते. अठ्ठाविसाव्या वर्षी ते पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान भागातल्या शाळांचे सुपरिंटेंडेंट झाले होते. मग ओरेगनमधलं युजीन, ओक्लाहोमा सिटी, सॅन डिएगोत जवळजवळ अकरा वर्षं आणि त्यानंतर क्लिंटन सरकारच्या शिक्षण खात्यात दोन वर्षं. बॉस्टनचे महापौर टॉम मेनिनो यांनी तर आपलं राजकारणच शाळांशी बांधून घेतलं. १९९६ चं वार्षिक भाषण त्यांनी जेरेमाया बर्क हायस्कूलमध्ये केलं. या शाळेची मान्यता नुकतीच गेली होती. शाळा सुधारल्या नाहीत तर मला कठोरपणे जोखा, असं ते तिथे जाहीरपणे बोलून गेले. महापौर, कमिटी आणि सुपरिंटेंडेंट एकाच दिशेने बघत आहेत, असं बॉस्टनने क्वचितच पाहिलं होतं.

पेझंट यांनी निवडलेलं काम दिसायला अगदी साधं होतं: वाचन आणि लेखन, आणि तेही सगळ्या शाळांत एकाच पद्धतीने. बाई सतरंजीवर बसलेल्या मुलांना दहा-पंधरा मिनिटं एकच गोष्ट शिकवतात, समजा, पात्र असं का वागलं हे मजकुरातून कसं ओळखायचं. मग मुलं टोपलीतून आपल्याला झेपेल असं पुस्तक उचलून कोपऱ्यात जाऊन वाचतात, आणि बाई एकेकाजवळ बसून बोलतात, वहीत टिपून ठेवतात. मागे दोन-तीन सहशिक्षक आणि एक प्रशिक्षक बसलेले असतात. तास संपल्यावर सगळे मिळून तो तास उलगडतात. पुढच्या वेळी शिकवण्याची पाळी दुसऱ्याची. दार लावून एकट्याने शिकवायची सवय असलेल्यांना मागे बसलेली ही माणसं पहिल्यांदा नक्कीच खुपली असणार. शिक्षक तयार करण्यासाठी २००३ मध्ये एक निवासी कार्यक्रमही सुरू झाला. डॉक्टर जसा रुग्णालयात राहून शिकतो, तसा होतकरू शिक्षक वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात.

१९९८ मध्ये राज्याची परीक्षा पहिल्यांदा झाली तेव्हा बॉस्टनच्या दहावीतली चारांपैकी जवळपास तीन मुलं गणितात नापास झाली. २००३ पासून ही परीक्षा पास झाल्याशिवाय हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. त्या वर्षापर्यंत, फेरपरीक्षा धरून, बहुसंख्य मुलं पास होऊ लागली. ब्रॉड पुरस्कार आला तो या चढत्या रेषेमुळे.

पण याच काळात एक गोष्ट निसटत होती. २००२ च्या जनमतानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद झालं आणि घरी दुसरी भाषा बोलणारी हजारो मुलं आवश्यक मदतीविना इंग्रजी वर्गांत बसवली गेली. २०१० मध्ये केंद्रीय न्याय विभागाने बॉस्टनशी याबद्दल करार केला, तेव्हा चुकीची सुरुवात २००३ पर्यंत मागे गेलेली निघाली. एकाच पद्धतीचा आग्रह आणि ही हेळसांड यांचा काहीच संबंध नाही, असं म्हणवत नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात पेझंट निवृत्त झाले. मायकेल कॉन्टोम्पासिस यांनी तात्पुरती जागा सांभाळली. रॉचेस्टरचे सुपरिंटेंडेंट मॅन्युएल रिव्हेरा यांनी पद स्वीकारलं, आणि रुजू होण्याआधीच न्यूयॉर्कच्या नव्या गव्हर्नरकडे काम घेऊन माघार घेतली. मेम्फिसहून कॅरल जॉन्सन आल्या तोवर २००७ चं निम्मं साल उलटलं होतं.