गरम पाण्यात कमी विरघळणारा क्षार

2023 पर्यंत लातूरच्या शिकवण्यांत ‘नीट’ची तयारी करणाऱ्या पोरांना लिथियम भेटायचं ते अपवाद म्हणून. सोडियम कार्बोनेट तापवलं तर वितळतं, सहजी फुटत नाही. लिथियम कार्बोनेटही 723 अंशांना वितळतं, पण आणखी तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ऑक्साइड उरतं. आवर्तसारणीत बसायचं सोडियमच्या रांगेत, वागायचं मॅग्नेशियमसारखं. पोरं हे पाठ करायची आणि चार गुण मिळवायची. या वेगळेपणानेच मूलद्रव्य पकडून दिलं, ती गोष्ट मला जास्त मजेची वाटते.

1817 साली स्टॉकहोममध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान ऑगस्ट आर्फवेडसन हा तरुण पेटलाइट नावाच्या खनिजाचं पृथक्करण करत होता. घटकांची बेरीज शंभर टक्के भरेना. राहिलेला वाटा सोडियम-पोटॅशियमच्या घरातला दिसत होता, पण त्याचं कार्बोनेट पाण्यात त्यांच्यापेक्षा फार कमी विरघळे. म्हणजे हा भाऊ तिसराच! दगडात सापडला म्हणून ग्रीक ‘लिथोस’वरून लिथियम.

किती कमी? 20 अंशांच्या 100 मिलिलिटर पाण्यात जेमतेम 1.3 ग्रॅम, सोडियम कार्बोनेट तेवढ्यात 20 ग्रॅमच्या वर जातं. आणि पाणी उकळत ठेवलं तर 0.7 ग्रॅमच. चहात साखर ढवळणाऱ्याला हे उफराटंच वाटणार. बॅटरीवाल्यांचं काम याच उफराटेपणावर चालतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटातलं लिथियम असलेलं खारं पाणी उन्हात आटवतात, शुद्ध करून तापवतात, त्यात सोडियम कार्बोनेट घालतात आणि खाली बसलेला पांढरा साका गरम असतानाच गाळून घेतात.

अजून शुद्ध हवं असेल, तर त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. बायकार्बोनेट होऊन ते विरघळतं. तापवलं की वायू उडतो, कार्बोनेट पुन्हा खाली. आपल्याकडे बोअरचं पाणी तापवून तापवून पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तीच क्रिया. तिथे फक्त कॅल्शियम असतं.

1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचे क्षार उन्मादाच्या रुग्णांना दिले. आजही कार्बोनेटच्या गोळ्या चालतात, पण योग्य आणि घातक मात्रेतलं अंतर थोडं. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. घामावाटे मीठ-पाणी गेलं की ते लिथियमही धरून ठेवतं. मे महिन्यात परभणीत पारा 42च्या पुढे जातो, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्याने मीठ-पाणी तोडायचं नसतं आणि रक्ताची तपासणी चुकवायची नसते.