जमिनीचे दलाल आणि बदलते कायदे (ग्रामीण विदर्भ)

वावर (शेत), प्लॉट किंवा घराचा सौदा जुळवून देणाऱ्या माणसाला कोणकोणते कायदे लागतात आणि त्यांत काय काय बदललं, एवढाच या नोंदीचा विषय. क्षेत्र म्हणजे नागपूर आणि अमरावती विभागाच्या ११ जिल्ह्यांतली गावं. दलाल काय करतो हे इथं सांगत बसायची गरज नाही, बयाना कसा देतात, सौदाचिठ्ठी कशी होते, दलाली दोन्हीकडून टक्का-दोन टक्के कशी घेतात हे सगळ्यांना माहीतच आहे. सौदा तोंडी जमला तरी मालकी फिरते ती रजिस्ट्रीनंच, आणि सातबाऱ्यावर नाव चढतं ते फेरफार (मालक बदलल्याची महसुली नोंद) मंजूर झाल्यावर.

या धंद्याला सरळ हात घालणारा मोठा कायदा म्हणजे रेरा (रिअल इस्टेट नियमन आणि विकास कायदा), २०१६ चा. एजंटांच्या नोंदणीची कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी महारेरा हे राज्याचं प्राधिकरण उभं राहिलं, त्याचं एक कार्यालय नागपूरलाही आहे. कलम ९ नुसार एजंटला नोंदणी लागते, ती ५ वर्षं चालते, नोंदणी क्रमांक प्रत्येक व्यवहारात टाकावा लागतो, आणि कलम १० नुसार ज्या प्रोजेक्टची नोंदणी नाही त्यातला प्लॉट विकून द्यायला मनाई आहे. नोंदणीशिवाय धंदा केला तर कलम ६२ चा दंड रोज १०,००० रुपये, तो चढत चढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. जानेवारी २०२३ च्या आदेशानं महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. बरेच जण तेव्हाच म्हणाले की आता सौदे जमवायलाही पेपर द्यावा लागणार.

आता खरा घोळ. हे सगळं गावातल्या दलालाला लागू आहे का? कायद्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: विकणारा प्रवर्तक (इमारत बांधून किंवा प्लॉट पाडून विकणारा) असावा, विकलं जाणारं एखाद्या प्रोजेक्टचा भाग असावं आणि जागा ‘नियोजन क्षेत्रात’ असावी. शेतकऱ्यानं आपलं तीन एकर वावर दुसऱ्या शेतकऱ्याला विकलं तर त्यात प्रवर्तकही नाही आणि प्रोजेक्टही नाही, म्हणजे त्यातला दलाल रेराच्या बाहेर. पण त्याच शेतकऱ्यानं वावराचा लेआउट पाडून प्लॉट विकायला काढले की तो स्वतःच प्रवर्तक ठरतो, मग जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असली (आणि लेआउट म्हटलं की असतेच) तर प्रोजेक्टची नोंदणी आली आणि मधल्या माणसाचीही आली. राहिलं नियोजन क्षेत्र, त्याचे अर्थ दोन लावतात. एक अर्थ अरुंद, नगरपालिका, नगरपंचायत किंवा प्राधिकरणाची हद्द तेवढीच धरायची. दुसरा रुंद, प्रादेशिक आराखड्याखाली येणारं सगळंच त्यात घ्यायचं. व्याख्येच्या मजकुरात प्रादेशिक विकास आराखड्याच्या क्षेत्राचा उल्लेख सरळ आहे, त्यामुळे दुसरा अर्थ जास्त पटण्यासारखा, जरी गावोगाव चालतो तो पहिलाच. नागपूरभोवती हा वादच उरत नाही, कारण हिंगणा, कामठी, मौदा अशा तालुक्यांतली गावं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ताब्यात आहेत, तिथं शेतात उभा असलेला दलालसुद्धा नियोजन क्षेत्रातच उभा असतो.

रोजच्या धंद्यात मात्र रेरापेक्षा तुकडेबंदीचाच त्रास जास्त झाला, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचा. कायदा १९४७ चा, पण विदर्भ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, मुंबई राज्यात आला १९५६ ला, त्यामुळे इथं तो पहिल्यापासून होता असं धरू नये. व्यवहारात १५ नोव्हेंबर १९६५ ही तारीख धरणं बरं, जुने बेकायदा तुकडे नियमित करण्याच्या तरतुदी तिथूनच मोजतात. प्रमाणभूत (सरकारनं ठरवलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा लहान तुकडा लगतच्या धारकाशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही, हा मूळ नियम. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांचं परिपत्रक आलं आणि एक-दोन गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या बंद पडल्या, ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं, पण तेवढ्यानं कार्यालयांतला गोंधळ काही मिटला नाही. मग ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं मुंबईचे दोन जिल्हे, अकोला आणि रायगड सोडून ३२ जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं क्षेत्र ठरलं (सौदा अकोल्यातला की शेजारच्या बुलडाण्यातला हे आधी पाहावं ते यासाठी). २०२४ ला विहीर, शेतरस्ता आणि घरकुलासाठी लहान तुकड्यालाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं वाट मिळाली.

जुने तुकडे नियमित करायला २०१७ च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायचे होते, ते कोणी भरले नाहीत म्हटलं तरी चालेल, ऑक्टोबर २०२४ ला ते ५ टक्क्यांवर आणलं आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकडे बिनशुल्क केले, पण शहरी हद्दीत, प्राधिकरणाच्या क्षेत्रात आणि आराखड्यात शेतीबाहेरच्या वापरासाठी दाखवलेल्या जमिनीवर, सरसकट नाही. दलालांनी मधल्या काळात काढलेली वाट म्हणजे सामाईक खरेदी: पाच जण मिळून २० गुंठे घेतात, एकच रजिस्ट्री, सातबाऱ्यावर पाचही नावं, आणि धुऱ्यावर (बांधावर) दोरी धरून प्रत्येकाला चार गुंठे दाखवून देतात. कागदावर तुकडा पडत नाही. पुढं त्यातल्या एकाला विकायचं झालं की बाकीच्या चौघांच्या सह्यांमागं फिरावं लागतं, आणि तोवर दलालाची दलाली घेऊन झालेली असते.

विदर्भाचा जमिनीचा इतिहास उरलेल्या महाराष्ट्राहून वेगळा, म्हणून कागदही वेगळे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (चंद्रपूर) या बाजूला मालगुजारी होती (गावाचा सारा मालगुजार भरायचा), वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी सरळ सरकारला सारा भरायचा). मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, १९५४ च्या मध्य प्रदेश महसूल संहितेनं भूमिस्वामी (पूर्ण मालकी) आणि भूमिधारी (बंधनं असलेली) असे दोन हक्क केले, आणि १९६६ ची महाराष्ट्राची संहिता आल्यावर भूमिधारी जमिनी भोगवटादार वर्ग-२ मध्ये गेल्या. वर्ग-२ म्हटलं की हस्तांतरणावर बंधन आलं, म्हणून सातबाऱ्यावर मालकाच्या नावाआधी वर्ग पाहणारा दलाल शहाणा. कुळकायदाही इथं स्वतंत्र, १९५८ चा विदर्भासाठीचा, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायची मनाई त्यात कलम ८९ ला आहे, पुण्यामुंबईच्या वकिलानं सांगितलेलं कलम ६३ इथं लावू नये. जुन्या मालगुजारी गावांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावकऱ्यांच्या सामाईक आणि रूढ हक्कांच्या नोंदी) हेही बघावं लागतं, गुरांची वाट, तलावाचं पाणी असले हक्क खासगी वावरातून जाणारेही असतात आणि ते सातबाऱ्यावर दिसतीलच असं नाही.

गडचिरोली, मेळघाट आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या आदिवासी पट्ट्यात महसूल संहितेचं कलम ३६-अ जास्त आड येतं, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची मंजुरीही लागते. तिथं दलालाला काम फारसं नाही.

पैशाच्या बाजूनं: १ जून २०१५ पासून स्थावराच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम साधारणपणे रोखीत घेता येत नाही, बयानासुद्धा त्यातच आला. डिसेंबर २०२० पासून वर्षाला २० लाख किंवा जास्त उलाढाल असलेले एजंट मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळखपत्रं आणि नोंदी ठेवणं भाग पडलं. दलालीवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला, पण तो कंपन्या आणि ऑडिट लागणारे लोक कापतात, वावर विकणारा साधा शेतकरी नाही.