सीपीआर न देणं आणि व्हेंटिलेटर काढणं

आत्याच्या फाइलवर ‘डीएनआर’ (डू नॉट रिससिटेट) लिहिलं गेलं त्या संध्याकाळी माझी आतेबहीण आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून भावाला विचारत होती, “दादा, तू सही केलीस, म्हणजे आता आईचं सलाईन काढणार का रे?” सही करणाऱ्या दादालाही उत्तर देता येईना. आत्या ऐंशीच्या पुढची, मूत्रपिंडं निकामी, त्यात न्यूमोनिया. सीपीआर न देणं आणि चालू उपचार काढून घेणं, या दोन निराळ्या गोष्टी पोटच्या पोरांना एकच वाटत होत्या, आणि आधीच फुटलेल्या काळजावर अपराधाचं ओझं चढत होतं.

डीएनआर, किंवा हल्ली डॉक्टर म्हणतात तसं डीएनएआर, ही सूचना फक्त एका क्षणापुरती असते. हृदय बंद पडलं, श्वास थांबला, तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर, करायचा नाही, एवढंच ती सांगते. सगळा अर्थ त्या ‘तर’मध्ये आहे. तोवर सलाईन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, नळीतून अन्न, वेदनाशामक औषधं, गरजेप्रमाणे डायलिसिससुद्धा, जे चाललंय ते चालूच राहतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० साली डीएनएआरबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही ही सूचना सीपीआरपुरतीच आहे आणि बाकीचे उपचार व शुश्रूषा थांबवायची नाही, असं स्पष्ट आहे. प्रकृती सुधारली किंवा मत बदललं, तर ती मागेही घेता येते.

सीपीआर नेमका कसा असतो, हे सही मागताना फार कमी वेळा सांगितलं जातं. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात बऱ्याचदा मोडतात. जोडीला घशात नळी, गरज पडली तर विजेचा शॉक. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी ही पद्धत जगापुढे मांडली, ती अवचित बंद पडलेल्या हृदयांसाठी. चालताबोलता माणूस कोसळला, पाण्यात बुडाला, शॉक लागला आणि हृदय थांबलं, तर तिथे एक क्षणही न दवडता सीपीआर द्यायलाच हवा. पण सगळं शरीर थकून शेवटी हृदय थांबतं, तेव्हा मूळ आजार तिथेच असतो. मग हाती लागतात ते बहुधा आणखी काही तास, तेही मोडलेल्या बरगड्यांसह.

दुसरी गोष्ट आहे चालू असलेला जीवनाधार काढून घेण्याची. इथे हृदय चालू असतं, श्वास व्हेंटिलेटर देत असतो, आणि प्रश्न असतो तो थांबवायचा का. इथे ‘तर’ नसतो. म्हणून कायद्याची वाटही निराळी आणि लांबची आहे.

ही वाट मुंबईतून सुरू झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्या मेंदूच्या इजेने अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यासाठी न्यायालयात गेलेल्या अर्जात मागणी होती ती त्यांना भरवणं थांबवण्याची. सीपीआरचा तिथे संबंधच नव्हता. त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा या मागणीला विरोध होता. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनाधार काढण्याची वाट उघडली. अरुणाताई मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये किचकट प्रक्रिया थोडी सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ मत देतं. दुसरं मंडळ ते पडताळतं. त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. घरच्यांची संमती लागते आणि अंमल करण्यापूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. रात्री अकरा वाजता कॉरिडॉरमध्ये पुढे केलेल्या एका कागदावर हे होऊच शकत नाही.

प्रत्यक्षात मात्र तिसरंच काहीतरी घडतं. पैसे संपतात, धीर संपतो, आणि नातेवाईक ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेतो’ म्हणून सही करून पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये घालतात. ते यांपैकी काहीच नाही. घरी मॉर्फिन नाही, श्वास कोंडला तर बघणारं कुणी नाही. मला ही सर्वांत क्रूर वाट वाटते, आणि तिच्यावर येणाऱ्या घरांना मी दोष देत नाही.

एक मात्र मनापासून सांगायचंय. सीपीआरने काही साधणार नाही, हा निष्कर्ष वैद्यकीय आहे. तो डॉक्टरांनी काढायचा आणि बसून, खुर्ची ओढून, समजावून सांगायचा. मुलांनी सांगायचं ते आईला काय हवं होतं एवढंच. आणि आई शुद्धीवर असेल तर तिलाच विचारायचं. “तिला काही सांगू नका” हे आपण प्रेमापोटी म्हणतो, पण त्याने तिचा निर्णय आपल्या गळ्यात येतो. अजून वेळ असेल तर शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी गोव्यात पहिलं असं इच्छापत्र नोंदवलं.

आत्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न आलाच नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन सगळं चालू होतं. आतेबहीण भेटीच्या वेळी जाऊन तिची वेणी घालायची. सहाव्या दिवशी पहाटे हृदय थांबलं. सिस्टरांनी पडदा ओढला, मॉनिटरचा आवाज बंद केला आणि दोघा भावंडांना आत बोलावलं.