सेबुआनो भाषा : व्याकरणाची तोंडओळख

फिलिपिन्सच्या मध्य आणि दक्षिण भागातली एक मोठी भाषा. सेबू आणि बोहोल ही बेटे, नेग्रोसची पूर्व बाजू, लेतेची पश्चिम बाजू आणि मिंडनाओचा बराचसा प्रदेश इथे ती बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या दीड ते दोन कोटींच्या घरात आहे. 'सेबुआनो' हे नाव पुस्तकांतले. बोलणारे तिला 'बिसाया' किंवा 'बिनिसाया' म्हणतात. मलय, जावानीज आणि मादागास्करची मालागासी यांच्याप्रमाणे ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली. मॅजेलनच्या ताफ्याबरोबर १५२१ साली सेबूला पोचलेल्या पिगाफेट्टा या इटालियन प्रवाशाने इथले शब्द टिपून ठेवले, ती या भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित नोंदींपैकी एक. देशाची राष्ट्रभाषा फिलिपिनो ही टॅगलॉगवर उभी आहे. टॅगलॉग आणि सेबुआनो एकाच शाखेतल्या असल्या तरी एक येते म्हणून दुसरी आपोआप कळत नाही.

मिंडनाओमधल्या दावाव शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून बरेच विद्यार्थी जातात. वर्ग इंग्रजीत चालतात, पण वॉर्डातला पेशंट बिसायातच बोलतो. तिथल्या मराठी मुलामुलींना हे व्याकरण वाटते तितके परके नाही. त्यातल्या काही गोष्टी मराठीत जशाच्या तशा आहेत, आणि त्या इंग्रजीतून शिकायला गेले की उगाच अवघड होतात.

उच्चारांत अडखळायला दोनच जागा. आपल्या वर्णमालेत असून नसल्यासारखा ङ इथे रोज लागतो आणि शब्दाच्या सुरुवातीलाही येतो : 'ङानो' म्हणजे का, कशासाठी. दुसरी जागा म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवून केलेला तुटक उच्चार. 'बाग-ओ' (नवीन) किंवा 'कान-ओन' (शिजलेला भात) यांतल्या आडव्या रेघेपाशी तो ऐकू येतो. शब्दाच्या शेवटी असला तर सहसा लिहितही नाहीत. 'बाता' म्हणजे मूल, यात तो शेवटी आहे. तो गाळला की अंगरखा या अर्थाचा स्पॅनिश 'बाता' उरतो.

वाक्याची सुरुवात सांगायच्या गोष्टीपासून होते. ती कोणाबद्दल आहे ते नंतर. 'नातुलोग आङ बाता' म्हणजे झोपलं मूल. 'ग्वापा सि मारिया' म्हणजे मारिया सुंदर आहे. यात 'आहे'साठी शब्द नाही आणि तो हवाही नसतो. क्रम उलटून 'सि मारिया आङ माएस्त्रा' म्हटले की अर्थ होतो, 'मारिया हीच ती शिक्षिका'. मराठीत आपण 'च' लावून जे काम करतो ते इथे जागा बदलून होते.

नामाला आपल्यासारखे शेवटी प्रत्यय लागत नाहीत, आधी छोटे शब्द येतात. वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याच्या आधी 'आङ', व्यक्तीचे नाव असेल तर 'सि'. अनिश्चित वस्तूच्या आधी 'उग', ठिकाणाच्या किंवा ठराविक वस्तूच्या आधी 'सा'. माणसांच्या बाबतीत 'नि' म्हणजे चा-ची-चे किंवा ने, आणि 'काङ' म्हणजे ला. 'उग'चा दुसरा अर्थ 'आणि' असल्याने काही जण अनिश्चित वस्तूसाठी 'ओग' असे वेगळे लिहितात. अनेकवचनाला नामाआधी 'माङा' लावायचे : 'आङ माङा बाता', ती मुले. लिंगभेद नाही. 'सिया' म्हणजे तो किंवा ती, आणि कोण ते संदर्भावरून समजून घ्यायचे.

सर्वनामांत मात्र मराठी माणूस घरी आल्यासारखा वावरतो. 'किता' म्हणजे आपण, 'कामि' म्हणजे आम्ही. इंग्रजीवाल्याला हा फरक समजावायला पानभर खर्ची पडते, आपल्याला एक ओळ पुरते. बोलताना 'किता'चे 'ता' आणि 'कामि'चे 'मि' होते. 'माङाओन ना ता' म्हटले तर 'चला, जेवू या', म्हणजे तुम्हीही पानावर बसा. 'माङाओन ना मि' म्हटले तर आमची जेवायची वेळ झाली, तुम्ही निघालात तरी हरकत नाही. पाहुण्याने हा एक अक्षराचा फरक कान देऊन ऐकावा.

नकाराचेही तसेच. 'दिलि को दोक्तोर' : मी डॉक्टर नव्हे. 'वाला कोय क्वार्ता' : माझ्याकडे पैसे नाहीत. 'आयाव पागहिलाक' : रडू नको. नव्हे, नाही आणि नको ही आपली तिन्ही घरे इथे तयार आहेत. क्रियापदापाशी थोडी गल्लत होते. 'दिलि को मोकाओन' म्हणजे मी खाणार नाही, 'वाला को मोकाओन' म्हणजे मी खाल्लं नाही. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे तेच, काळाचा सगळा भार नकारावर. शिवाय 'को' (मी) एरवी क्रियापदामागे असतो, 'मोकाओन को'. नकार आला की तो उडी मारून नकाराला चिकटतो. असे छोटे शब्द वाक्यात नेहमी दुसऱ्या जागेवर धावतात.

खरी परीक्षा क्रियापदाची. 'पालित' म्हणजे विकत घेणे, हा एकच धातू घेऊन बाजारात जाऊ :

मोपालित को उग इस्दा. मी मासे घेणार आहे, कुठलेही.
पालितोन नाको आङ इस्दा. तो मासा मी घेणार.
पालितान नाको आङ बाता उग इस्दा. त्या मुलासाठी मी मासे घेणार.
इपालित नाको आङ क्वार्ता उग बुगास. त्या पैशांचे मी तांदूळ घेणार.

चारही वाक्यांत घेणारा मीच, पण 'आङ' कोणाच्या डोक्यावर बसला ते क्रियापदाच्या रूपाने ठरते. पहिल्यात वाक्य माझ्याबद्दल, दुसऱ्यात माशाबद्दल, तिसऱ्यात मुलाबद्दल, चौथ्यात पैशांबद्दल. याला कर्मणी प्रयोग म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. मात्र 'मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली' म्हणताना क्रियापद खाणाऱ्याला सोडून फळाकडे बघते, ती सवय इथे उपयोगी पडते. मराठीत ती भूतकाळापुरती, सेबुआनोत उद्याच्या गोष्टीतही. खरेदी होऊन गेली की हीच रूपे अनुक्रमे 'मिपालित', 'गिपालित', 'गिपालितान' आणि पुन्हा 'गिपालित' अशी होतात. दुसरे आणि चौथे एकसारखे. अर्थ संदर्भावरून लावायचा. आज्ञेत आणि 'वाला'नंतर दुसऱ्या रूपाच्या शेवटी 'आ' येतो. 'पालिता' म्हणजे ते घेऊन टाक, 'वाला नाको पालिता' म्हणजे ते मी घेतलं नाही. यातला 'नाको' म्हणजे 'मी, माझ्याकडून'. मराठी कानाला तो 'नको' ऐकू येतो आणि पहिले काही आठवडे भलतेच गैरसमज होतात.

भूत-वर्तमान-भविष्य असे तीन कप्पे नाहीत. क्रिया सुरू झाली आहे की अजून व्हायची आहे, एवढेच क्रियापद सांगते. 'नागलाबा सिया' हे कालच्या धुण्यालाही चालते आणि आत्ता चाललेल्या धुण्यालाही; 'गाहापोन' (काल) किंवा 'कारोन' (आता) जोडले की प्रश्न मिटतो. उद्यासाठी 'मागलाबा सिया उग्मा'.

विशेषण आणि नाम यांच्यामध्ये 'ङा' हा दुवा लागतो : 'दाको ङा बालाय', मोठे घर. 'बालाय ङा दाको' म्हटले तरी चालते. स्वरानंतर हा दुवा आक्रसून नुसता 'ङ' उरतो, म्हणून 'माआयो' (चांगली) आणि 'बुंताग' (सकाळ) मिळून 'माआयोङ बुंताग', सुप्रभात. दवाखान्यातला रोजचा प्रश्न 'उन्साय इमोङ गिबाति?' असाच उलगडतो. 'उन्सा' काय, 'य' हा 'आङ'चा अवशेष, 'इमोङ' तुझे, 'गिबाति' जाणवलेले. थोडक्यात, 'काय होतंय?' उत्तर येते, 'साकित आकोङ तियान', पोट दुखतंय.

वाक्यात पेरायचे बारीक शब्द हा या भाषेचा सर्वांत चवदार भाग आहे, आणि पाठ्यपुस्तके त्याला शेवटच्या धड्यात ढकलतात. 'कुनो' म्हणजे आपले 'म्हणे' : 'मोउलान कुनो उग्मा', उद्या पाऊस पडणार म्हणे. 'दिआय' म्हणजे आत्ता उमगल्याचा 'होय' : दार उघडून 'इकाव दिआय!', म्हणजे 'तू होय!' 'ना' झाल्याचा, 'पा' अजूनचा, 'बा' प्रश्नाचा. 'निकाओन ना बा का?' जेवलास का? 'वाला पा.' अजून नाही.

शब्दसंग्रहात ओळखीचे चेहरे भेटतात. 'दिवाता' म्हणजे वनदेवता, मूळ शब्द देवता. 'बालिता' म्हणजे बातमी, मूळ शब्द वार्ता. हे दोन्ही मुळात संस्कृत. 'साबोन' (साबण), 'याबे' (चावी) आणि 'लामेसा' (मेज) हे स्पॅनिशांनी दिलेले, तर साबण आणि चावी आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. भात खाणाऱ्यांचे शब्दही जुळतात. शेतातला 'हुमाय', कोठीतला 'बुगास', ताटातला 'कान-ओन'. हा शेवटचा 'काओन' (खाणे) पासूनच झालेला, म्हणजे अक्षरशः 'खायचे ते'. सेबूत मक्याच्या कण्या शिजवून वाढल्या तरी त्याला कान-ओनच म्हणतात.

लेखन पुरते स्थिरावलेले नाही. इ-ए आणि उ-ओ यांची अदलाबदल सर्रास दिसते. सेबू शहरात मधला 'ल' गळून 'वाला'चे 'वा' होते, बोहोलमध्ये 'य'चा 'ज' होऊन 'आयाव'चे 'आजाव'. टॅगलॉगमधल्या 'पो'सारखा आदरार्थी शब्द इथे नाही. आदर नात्याच्या हाकेतून दाखवतात. वयाने मोठ्या पुरुषाला 'नोङ', बाईला 'नाङ', लहान मुलाला 'दोङ', मुलीला 'दाय'. जीपनीतून (तिथल्या प्रवासी गाडीतून) उतरायचे असेल तर ड्रायव्हरला हाक द्यायची, 'लुगार लाङ, नोङ!' शब्दशः 'जागा फक्त, दादा', आणि गाडी बाजूला लागते.