सर्व्हर डाऊन नाही, भरलाय

पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही पतसंस्थेत जा, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘लाइट गेली’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’. दुसऱ्या वाक्यावर माझा जुना राग आहे. पतसंस्थांचे संगणक सांभाळणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्या वेळी सर्व्हर पुष्कळदा ठणठणीत असतो. पंखा फिरत असतो, प्रोसेसरला काही काम नसतं. फक्त नव्या माणसाला आत घ्यायला जागा नसते. आणि त्याचं मूळ बऱ्याच वेळा पहिल्या वाक्यात असतं.

समजा, मुख्य कार्यालय रत्नागिरीत आहे. सगळी खाती तिथल्या एका डेटाबेस सर्व्हरवर, आणि लांजा, राजापूर, देवरुखचे कारकून एकाच वेळी त्याला जोडलेले. पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून तो आला, आणि फुकट मिळतो म्हणून आमच्यासारख्यांचा लाडका. तो प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, उभी करतो. कारकून काम करो न करो, ती प्रोसेस मेमरी धरून बसते. म्हणून कनेक्शनना मर्यादा असते. कुणी हात लावला नसेल तर १००, त्यातली ३ प्रशासकासाठी राखीव. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हाच आकडा १५१. सगळी भरली की पोस्टग्रेस नम्रपणे म्हणतो, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. शाखेतल्या पडद्यावर मात्र नुसतंच ‘कनेक्शन एरर’ उमटतं.

या शंभरांतले बहुतेक काहीच करत नसतात. गणपतीत एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या सीटसारखी ही कनेक्शनं. गाडी भरलेली, माणूस स्टँडवर चहा पितोय. पण नुसता रुमाल परवडला. खरा घोळ होतो तो रुमाल टाकणारा परत येणारच नसतो तेव्हा.

राजापूरला कुणी ठेव मोडायला आलंय. कारकुनानं नोंद सुरू केली. सॉफ्टवेअरनं ट्रान्झॅक्शन, म्हणजे पूर्ण झालं तर सगळं नाहीतर काहीच नाही अशी नोंदींची गाठ, उघडलं आणि पुढचा व्हाउचर नंबर घेण्यासाठी नंबरांच्या तक्त्यातल्या त्या एका ओळीला कुलूप लावलं. (माणूस टाइप करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा आळस, पण असली सॉफ्टवेअरं ढिगानं आहेत.) ‘सेव्ह’ दाबायच्या आत लाइट गेली. यूपीएस होता, त्यातली बॅटरी कधीच मेलेली.

रत्नागिरीतल्या सर्व्हरला यातलं काय कळलं? काहीच नाही.

एरवी प्रोग्रॅम बंद केला की ‘मी निघालो’ असं एक पाकीट सर्व्हरकडे जातं. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी त्याच्या वतीनं विंडोज निरोप देतं. लाइट गेल्यावर निरोप द्यायलाच कुणी उरत नाही. टीसीपी ही संगणकांची एकमेकांशी बोलायची नेहमीची पद्धत, आणि तिचं कनेक्शन म्हणजे ताणून बांधलेली तार नव्हे. दोन्ही टोकांच्या मेमरीत ठेवलेली ती एक नोंद असते, पलीकडे कोण आहे आणि कितव्या बाइटपर्यंत पोचलो याची. बोलण्यासारखं काही नसेल तर तासन्‌तास एकही पाकीट हलत नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. वाटेतला राउटर दोन मिनिटं बंद पडून परत आला तर कनेक्शन तुटू नये म्हणून. त्यामुळे नोटा मोजत बसलेला कारकून आणि बंद पडलेला संगणक सर्व्हरला सारखेच दिसतात, दोघेही गप्प. निरोपाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हेच ठरलेलं नसेल, तर मेलेलं यंत्र आणि रेंगाळलेलं यंत्र यांत फरक करता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ साली याच अडचणीतून सिद्ध केलं, की अशा जाळ्यात एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर उरलेल्यांचं एकमत ठरावीक पद्धतीनं नक्की होईलच अशी हमी देता येत नाही.

मग सर्व्हर शेवटी विचारतो कधी? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ मांडणी अशी, की ७२०० सेकंद गप्प राहायचं, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा ‘आहेस का?’ विचारायचं. उत्तर नाही आलं तर नाव कापायचं. एकूण २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तोवर व्हाउचर नंबरच्या ओळीला कुलूप.

देवरुखचा कारकून त्या ओळीसाठी थांबतो, लांज्याचाही. राजापूरची लाइट आली, कारकुनानं पुन्हा लॉगिन केलं, त्याला नवं कनेक्शन मिळालं आणि तो स्वतःच्याच जुन्या कुलपापाशी रांगेत लागला. काही हलत नाही म्हणून जो तो प्रोग्रॅम पुन्हा उघडतो आणि आणखी एक कनेक्शन अडवतो. पोस्टग्रेसमध्ये डेडलॉक शोधणारी यंत्रणा आहे, एक सेकंद वाट पाहून ती तपासते. पण तिला हवं असतं वर्तुळ, ‘अ’ ब-साठी आणि ‘ब’ अ-साठी थांबलेला. इथे तर सरळ रांग आहे, म्हणून तिच्या मते सारं आलबेल. शंभर भरतात.

आता साहेब रीस्टार्ट करायला सांगतात. कपाटाला टांगलेल्या लिंबू-मिरचीपेक्षा रीस्टार्टची श्रद्धा जास्त चिवट, कारण रीस्टार्टनं गुण येतो. फक्त त्यात इतर सगळ्यांचं अर्धवट कामही जातं. खरं तर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी हा तक्ता उघडला की अपराधी एका ओळीत दिसतो. स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, पत्ता राजापूरचा, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ दीड तासापूर्वीची. ‘कॅन्सल’चा इथे उपयोग नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच, म्हणजे डेटाबेसला दिलेलं कामच, नाही. ‘टर्मिनेट’ करायचं. कुलूप सुटतं, अर्धं ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं, ठेवीदाराचा पैसा होता तसा राहतो. चिडून ‘किल मायनस नाइन’ ही प्रोसेस जागीच मारणारी आज्ञा मात्र देऊ नये. एक प्रोसेस अशी मारली की मेमरी बिघडली असेल या शंकेनं पोस्टग्रेस सगळ्यांनाच बाहेर काढतो.

विक्रेते सांगतात रॅम वाढवा, क्लाऊडवर न्या, हल्ली तर एआय लावा. क्लाऊडलाही राजापूरची लाइट गेल्याचं कळत नाही. मर्यादा ५०० केली तर ५०० जण थांबतील. मधे पूलर बसवून मोजकी कनेक्शनं आळीपाळीनं वापरणं चांगलं, पण उघडं ट्रान्झॅक्शन धरून बसलेल्याला तोही आपणहून हलवत नाही. त्यासाठी पोस्टग्रेसनं २०१६ च्या ९.६ या आवृत्तीत वेळमर्यादेची सोय दिली. मात्र ती मुळात बंद असते, आपण चालू करायची.

किती ठेवायची, यावर माझी आणि शाखांची दर जूनमध्ये हुज्जत होते. एक मिनिट ठेवली तर नोटा मोजणारा कारकून परत वळेपर्यंत बाहेर फेकला जातो आणि फोन मला येतो. दहा ठेवली तर बाकीच्या शाखा दहा मिनिटं अडकतात. आम्ही पाचवर तडजोड केली आहे. ‘आहेस का?’ हे विचारणं मात्र दोन तासांवरून एका मिनिटावर आणलं. त्यावर अजून कुणी तक्रार केलेली नाही.